तात्यांचा गोबरगॅस

खोली बघायला गेले तेव्हा तात्यांनी माझं नाव, गाव, नोकरी यांतलं काहीच विचारलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "बाई, भाजीची देठं कुठं टाकता?" मी शाळेत शिकवत होते, प्रश्नांची सवय होती, तरी गडबडले. कचऱ्यात, असं म्हणाले. तात्यांचा चेहरा असा उतरला, की खोली गेलीच असं वाटलं. "कचरा आमच्या हितं नसतोच," ते म्हणाले आणि आधी मला गोठ्यामागचा खताचा खड्डा दाखवून आणला. खोली त्यानंतर.

सत्तरीनंतरचं भोर ते. तात्या मूळचे किकवीचे. घरामागच्या परसात त्यांनी चार खोल्या बांधून भाड्यानं दिल्या होत्या. प्रत्येक मोरीचं पाणी चर काढून एकेका केळीला सोडलेलं. सकाळी तात्या केळींची तपासणी करून दारोदार निकाल सांगत. "बाई, तुमची केळ पिवळी पडाय लागली. साबण जरा हात राखून." माझे यजमान वेल्ह्याला नोकरीला, एसटीनं रविवारी यायचे. ते ऐसपैस अंघोळ करून गेले, की माझ्या केळीची तब्येत सुधारल्याची बातमी सोमवारी साऱ्या परसाला कळायची.

एका उन्हाळ्यात तात्यांनी गोबरगॅसची टाकी बांधायला काढली. दोन म्हशींचं शेण पुरेना, म्हणून सगळ्यांचा संडासही त्याच टाकीला जोडायचं त्यांनी ठरवलं. तोवर टोपलीचा संडास होता. सखूबाई रोज मागच्या दारानं येऊन ती टोपली डोक्यावरून न्यायची. टाकीचं कळलं आणि परसात गहजब झाला. त्या गॅसवर शिजलेलं आम्ही खाणार नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. त्यांत मीही होते. एक कारकून तर खोली सोडून गेले. तात्या भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "सखूच्या डोक्यावरनं रोज जात हुतं, तवा कुणाचं जेवान अडलं न्हाई."

खरी पंचाईत त्यांच्या घरातच होती. टाकी सुरू झाली, तशी त्यांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, गॅसच्या शेगडीला हात लावायचं नाकारलं आणि आपली चूल पडवीत मांडली. मग तात्या स्वतःच रांधू लागले. त्यांचं पिठलं एक तर पातळ पाणी व्हायचं, नाही तर त्याची वीट. "झ्याक झालंय," असं म्हणत ते खायचे आणि काकूंच्या भाकरीकडे बघायचे. काकू दुसरीकडे तोंड करून एक भाकरी त्यांच्याकडे सरकवायच्या.

पावसाळा लागला. लाकडं ओली, खोलीभर धूर, आणि माझी मुलगी जेमतेम तीन महिन्यांची. एका सकाळी तिला अशी उबळ आली, की श्वासच परतेना. माझी हाक ऐकून काकू धावत आल्या, तिला उचलून बाहेर मोकळ्या हवेत नेलं आणि पाठ चोळत राहिल्या. शेवटी ती रडली. काकूंनी मूल माझ्याकडे दिलं, माझ्या चुलीवरचं अंघोळीच्या पाण्याचं पातेलं उचललं आणि तडक आपल्या स्वयंपाकघरात नेऊन शेगडीवर ठेवलं.

"पेटवा," त्या तात्यांना म्हणाल्या.

तात्यांनी या दिवसाची केवढी वाट पाहिली असेल. पण काडी त्यांच्या हातून दोनदा विझली. दिवाळीपर्यंत आमच्या सगळ्यांच्या खोल्यांत गॅसच्या नळ्या आल्या होत्या.

सखूबाईचं काम मात्र बंद पडलं. आता मी काय करू, असं विचारायला ती आली. याचा विचार तात्यांनी केलाच नव्हता. काही दिवस त्यांनी केळीही तपासल्या नाहीत. मग तिला बोलावून टाकीतून निघणाऱ्या खताचं काम दिलं, आणि कारकुनांची रिकामी खोलीही. परसात पुन्हा कुजबुज सुरू झाली. या वेळी तात्यांनी प्रत्येक दारात जाऊन सांगितलं, "शेजार पटत नसंल तर खुशाल जावा. खोल्या माझ्या हायती."

कुणी गेलं नाही. सखूबाई आपली पत्र्याची पेटी घेऊन आली ती संध्याकाळ मला स्पष्ट आठवते. भाडेकरू म्हणून आली, तरी ती मागच्याच दारानं आली. काकूंनी चहा टाकला होता. सखूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर अवघडून उभी राहिली. तात्या काही बोलायला गेले, तर काकूंनी त्यांना हातानं थांबवलं.

"आत ये, सखू," त्या म्हणाल्या. "च्या घे, आन् जाताना म्होरल्या दारानं जा."