पट्ट्याचा पोळा

महाराष्ट्र राज्य नवं होतं, त्या वर्षांत नांदुऱ्यात कापसाच्या जिनाच्या एका मालकाच्या बंगल्यात गवत कापायची पेट्रोलची गाडी आली. ती आपली आपण पुढं चालायची. मालकानं ती बंगल्यावरच्या माळ्याच्या, उकर्डाच्या हाती सोपवली आणि बजावलं, “बिघडली, तर तुझं काम सुटलं.”

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उकर्डानं गाडी सुरू केली. इंजिन गुरगुरत होतं, पण गाडी तसूभर हलेना. जळका वास यायला लागला. त्यानं ती झटकन बंद केली आणि मिस्त्रीला बोलवायला धावला.

जिनातला रज्जाक मिस्त्री आला. इंजिनाकडून चाकाकडं जाणाऱ्या पट्ट्याला बोट लावून त्यानं वास घेतला.

“हे तूप होय बे? आन् हळद?”

“हाव भाऊ. पोळ्याच्या आदल्या सांजेले तूप-हळदीनं बैलायचे खांदे मळले. पट्टाबी तं गाडी वढतेच ना! मंग त्याले काऊन सोडू?”

रज्जाकला हसू आवरेना. “बैलाचा खांदा मऊ पाह्यजे. पट्ट्यानं चाक घट्ट धरावं लागते. थो तुपानं जागच्या जागी घसरून राह्यला!”

उकर्डानं कपाळावर हात मारला. मायेनं मळलं, आणि आपल्याच हातानं गाडी मारली!

रज्जाकनं पट्टा साबणाच्या पाण्यानं धुतला, वाळवला, ताणून बसवला. गाडी अशी उसळून निघाली, की उकर्डाला मागं धावावं लागलं.

“पुढल्या पोळ्याले इले हार घाल,” रज्जाक ओरडला, “पण पट्ट्याले हात नोको लावू!”

“हाव भाऊ!” गाडीमागं धावता धावताच उकर्डा म्हणाला.