राजाचं वजन वाढलं

वस्तुसंग्रहालयात सगळे त्यांना मिलिग्रॅम म्हणत. जुनी नाणी तोलायची हे त्यांचं काम, आणि तोलणं हाच स्वभाव. त्यांना लांबून पाहिलं की भाजीवाला आधी तराजू पुसायला घ्यायचा. बायको बजावायची, "अहो, येताना कांदे आणा, भांडण आणू नका. ते घरात भरपूर आहे."

वर्षातून एकदा तळघरातल्या तिजोरीतून ते सोन्याचं नाणं निघे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या, दोन हनुवट्यांच्या राजाचं. जगात अशी तीनच उरलेली. पंखा बंद करून, चिमट्यानं राजाला तराजूत बसवताना मिलिग्रॅम दरवेळी विचारत, "काय राजे, अंगानं भरलात की काय?" आणि तीस वर्षं राजे इमानानं तेवढेच भरत. नऊ ग्रॅम, एकशे बारा मिलिग्रॅम.

निवृत्तीला चार दिवस उरले होते. सकाळी जेवणाचा डबा टेबलावर ठेवतात तोच कागद भरायला त्यांना वर बोलावलं, त्यात तास गेला. खाली येऊन त्यांनी राजाला शेवटचं विचारलं.

नऊ ग्रॅम, एकशे साठ.

पुन्हा तोललं. एकशे साठच. सोनं झिजतं, बाळसं धरत नाही. हे राजे ते राजे नव्हेत.

"झालं का?"

मागे संचालकसाहेब उभे होते. तीस वर्षांत हा जिना कधी न उतरलेले. हातात दाखला; त्यावर एकशे बारा आधीच छापलेलं, फक्त सही बाकी.

"साहेब, नाणं बदललंय."

"तिजोरीच्या चाव्या किती?" साहेबांनी मायेनं विचारलं.

"दोन. एक माझी, एक तुमची."

"माझी हरवली हो. दोन महिन्यांपूर्वीच तसं लेखी कळवलंय मी. मग उरली कुणाची?" त्यांनी पेन पुढे केलं. "करा सही. चार दिवसांनी छान निरोपाची भाषणं ऐका आणि सुखानं घरी जा."

भाजीवाल्याला कधी पाच ग्रॅम सोडले नव्हते त्या माणसानं. त्यांनी छापील आकडा खोडला, शेजारी एकशे साठ लिहिलं आणि गोल, पोरकट अक्षरात सही ठोकली.

साहेबांनी कागदाची नीट घडी घातली आणि दार उघडलं. जिन्यात दोन पहारेकरी कधीचे उभे होते.

"या आत. यांच्या डब्यापासून सुरुवात करा."

डबा सकाळपासून उघडलाच नव्हता. मिलिग्रॅमनी तो उचलला, आणि हाताला कळलं: घरून आणला तेव्हापेक्षा नऊ ग्रॅम जड.