खिशातली साखळी

महापालिकेच्या पाळीव प्राणी विभागात निरीक्षक बरेच होऊन गेले, पण टोपणनाव मिळालं ते एकालाच. साखळीमामा. हे नाव मालक मंडळींनी दिलं की विभागातल्यांनी, यावर दोन मतं आहेत, आणि दोन्ही बाजू श्रेय एकमेकींकडे ढकलतात.

मामांची पद्धत साधी होती. परवानगी नसलेलं कुत्रं घरात असल्याची तक्रार आली की बाकीचे निरीक्षक दार ठोठावत. मग आत धावपळ, कुत्रं पलंगाखाली, आणि दारात उभ्या मालकाच्या चेहऱ्यावर असा भाव की कुत्रं म्हणून एक प्राणी असतो हे आजच कानावर आलं. मामा दाराला हातच लावत नसत. खिशातून एक जुनी लोखंडी साखळी काढून ती दाराशी हळूच खुळखुळवायची, बस्स. साखळी वाजली म्हणजे फिरायला जायचं, एवढंच जनावराला ठाऊक. ते आनंदाने बेभान होऊन आपलाच गुन्हा कबूल करून टाकायचं.

“माणूस खोटं बोलतो,” मामा नव्या लोकांना शिकवताना सांगत. “कुत्र्याला ते जमत नाही. आपलं खातं त्याच्या जिवावर चाललंय.”

लोक हसत. पुढे सगळ्याच निरीक्षकांनी खिशात साखळ्या बाळगायला सुरुवात केली.

मामा दुष्ट नव्हते, आणि हीच पंचाईत होती. दुष्ट माणसाशी निदान भांडता तरी येतं. मामा आवाज चढवत नसत, कुणाचा चहासुद्धा घेत नसत. एका शिंपीणबाईंचं छोटं पांढरं कुत्रं त्यांनी असंच पकडलं होतं. दिवसभर शिलाई मशीनच्या पायडलशेजारी झोपणारं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बाई रडल्या, हातापाया पडल्या. मामांनी त्यांना पाणी प्यायला लावलं आणि शांतपणे म्हणाले, “नियम सगळ्यांना सारखा असतो, बाई.” तसं त्यांना खरंच वाटत होतं.

शिंपीणबाई जिथे राहत, त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर मामांची थोरली बहीण राहत होती.

इमारत महापालिकेचीच, कमी भाड्याची. तिथे कुत्रं पाळायला सक्त बंदी. फक्त पाहुण्यांबरोबर आलेलं कुत्रं आठवडाभर चालायचं. भावोजी गेले त्या वर्षी ताईला कचराकुंडीमागे एक पिल्लू सापडलं. “चार दिवस राहू दे,” ती म्हणाली. “कुणी विचारलंच तर पाहुणा म्हणून सांग,” मामा म्हणाले. त्याचं नावच पाहुणा पडलं. पाहुण्याचा मुक्काम इतका लांबला, की त्याचे दात पडले आणि एका डोळ्यावर दुधासारखा पडदा आला. आता तो पकडला गेला असता तर संपलंच होतं. कोंडवाड्यातून तरणी कुत्री कुणीतरी नेतं. म्हाताऱ्या कुत्र्याला आत जायची वाट असते, बाहेर यायची नसते. हे मामांइतकं कुणाला माहीत नव्हतं. आणि मामा स्वतः राहत ते कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत, जिथे कुंडीतल्या रोपालासुद्धा अर्ज करावा लागे.

म्हणून मामांनी आपलं सगळं कसब पाहुण्याला लपवण्यात ओतलं. घरात कुत्र्याचं भांडं नको. ताईने त्याला आपल्या ताटात जेवू घालावं. गादी नको, तो ताईच्या पायाशी झोपे. आणि साखळी तर मुळीच नको. पंचनाम्यात पहिली नोंद तिचीच होते. साखळी मामा आणत. दर रविवारी दिवस उजाडायच्या आत ते यायचे, पाहुण्याला चाकं लावलेल्या भाजीच्या पिशवीत बसवून खाली उतरवायचे, आणि कोपऱ्यावरून वळलं की खिशातली साखळी त्याच्या गळ्यात अडकवून मैदानाकडे न्यायचे. तीच साखळी. दुसरी कशाला घ्यायची?

तक्रार आली तेव्हा मामांनी पत्ता दोनदा वाचला. विभागाचे साहेब म्हणाले, “मामा, तुमची ताई राहते ना तिथे? तुम्ही नका जाऊ.”

“मीच जातो,” मामा म्हणाले. “नातं बघून सोडलं असं उद्या कुणी म्हणायला नको.”

साहेबांना भरून आलं. मामांनी मात्र सगळा हिशेब करून ठेवला होता. जोडीला नवी निरीक्षक येणार, त्यांच्याच हाताखाली शिकलेली. मामा तोंडातून अवाक्षर काढणार नाहीत, कारण पाहुणा त्यांचा आवाज ओळखतो. पायात रबरी तळव्याचे बूट, कारण तो पावलंही ओळखतो. साखळी ती वाजवेल, स्वतःची, आणि पाहुणा जन्मभर एकच जुनी, जड साखळी ऐकत आलेला, त्या परक्या किणकिणाटाशी त्याला काही देणंघेणं नाही. आदल्या संध्याकाळी त्यांनी ताईला फोन केला.

“उद्या त्याला मागच्या खोलीत ठेव.”

“का रे?”

“ठेव म्हटलं ना. तपासणी आहे, मीच येतोय.”

ताई म्हणाली, “तू आहेस ना बरोबर? मग झालं तर.”

दुसऱ्या दिवशी दोघं दाराशी उभे राहिले. नव्या मुलीने आपली साखळी वाजवली. चकचकीत, हलकी, बारीक किणकिणणारी. आत शांतता. पुन्हा वाजवली. शांतता. मामांनी श्वास सोडला.

“हिचा आवाजच येत नाही नीट,” ती कुजबुजली. “मामा, तुमची द्या ना जरा.”

मामांचा हात खिशात गेला आणि बाहेर आला. इतक्या वर्षांचा हात तो, त्याला विचारायची सवय नव्हती. घरून निघताना त्यांनी आवाजाचा विचार केला होता, बुटांचा केला होता. साखळीचा केला नव्हता. नाकावरचा चष्मा आपण बरोबर घेतला असं कुणी म्हणतं का? साखळी तिच्या हातात पडली तेव्हा कुठे त्यांना उमगलं, आणि तोवर ती वाजली होती.

आत लोटलेलं दार आपटलं आणि नखांचा आवाज आला, फरशीवर घसरत धावणाऱ्या नखांचा. मग भुंकणं. म्हातारं, घोगरं, आनंदाने फाटलेलं.

ताईने दार उघडलं. पाहुणा तिच्या पायांमधून बाहेर आला आणि शेपटीसकट सगळं अंग हलवत मामांच्या गुडघ्यांना बिलगला.

“आज रविवार नाही,” ताई म्हणाली. “आता हे त्याला कोण सांगणार?”

नव्या मुलीने त्या दोघांकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. आवाज खाली करून ती म्हणाली, “मामा, आत काही आढळलं नाही असं लिहू का?”

मामांनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांची नजर जिन्यावर गेली. खालच्या वळणावर शिंपीणबाई उभ्या होत्या. गळ्यात माप घ्यायची फीत, हातांची घडी.

“चालू द्या, साहेब,” त्या म्हणाल्या. “मी नुसती बघतेय. सगळ्यांना सारखा असतो ना नियम?”

“जे आहे ते लिहा,” मामा म्हणाले.

ताई रडली नाही, हातापाया पडली नाही. एवढंच म्हणाली, “मग तूच घेऊन जा त्याला. दुसऱ्या कुणाबरोबर जायचा नाही तो.”

मामांनी साखळी परत घेतली आणि पाहुण्याच्या गळ्यात अडकवली. त्या दिवशी चाकाची पिशवी लागली नाही. पाहुणा पहिल्यांदाच राजरोस जिना उतरला, एकेक पायरी, प्रत्येक वळणावर थांबून मामा येताहेत ना ते पाहत. शिंपीणबाई भिंतीला टेकून बाजूला झाल्या. तो जवळून गेला तेव्हा त्यांचा हात जरासा पुढे झाला, पण त्यांनी तो मागे घेतला.

रस्त्यावर आल्यावर पाहुण्याने सवयीने मैदानाच्या दिशेला ओढ घेतली. मामांनी साखळी दुसरीकडे वळवली, गाडीकडे. एकदाच त्याने मान वर करून पाहिलं. मग मामा नेताहेत म्हणजे रस्ता बरोबरच असणार असं त्याला वाटलं असावं, कारण तो आपणहून पुढचे पाय गाडीच्या फळीवर टेकून, मागून कुणी उचलायची वाट पाहत उभा राहिला. मामांनी उचललं.

त्या आठवड्यात साहेबांनी सगळ्या विभागासमोर मामांचं उदाहरण दिलं. टाळ्या झाल्या. मामा उभे राहून नमस्कार करून खाली बसले. पाहुण्याने कोंडवाड्यात अन्नाला तोंड लावलं नव्हतं. शनिवारी तिथल्या राखणदाराने एक पाकीट आणून दिलं. आत पाहुण्याच्या गळ्यातली साखळी होती.

रविवारी मामा नेहमीच्या वेळी ताईकडे गेले. तिने दार उघडलं, चहा टाकला. चाकाची पिशवी दारामागे तशीच होती.

“जेवतो का रे तो?” तिने विचारलं.

“जेवतो,” मामा म्हणाले.

“म्हातारा आहे. भाकरी कुस्करून द्यायला सांग त्यांना.”

“सांगितलंय.”

चहा घेऊन ते उठले. एक हात त्यांनी आल्यापासून खिशातच ठेवला होता, आणि जिना उतरतानाही मूठ घट्ट आवळलेली होती. आतली साखळी वाजू नये म्हणून.