दुखत न्हाई म्हणजे बरं

“दुखतंय का? न्हाई ना? मग पळ.”

सेनगावच्या मैदानावर पोरींना धावणं शिकवणाऱ्या बाईंचं सगळं वैद्यकशास्त्र एवढ्यात संपायचं. मी हिंगोलीत फिजिओथेरपिस्ट आहे. त्यांनी बिघडवलेले पाय माझ्याकडे यायचे. मला त्या आवडत नव्हत्या, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं.

माझ्या दवाखान्यात त्या कधी खुर्चीवर बसल्या नाहीत. उभ्यानंच माझ्या पेशंटना सल्ले द्यायच्या. गुडघा शेकत बसलेल्या एका आजोबांना म्हणाल्या, “काका, बसून राहिले तर बसूनच राहताल.” आजोबा उठून निघालेसुद्धा. त्यांना दारातून परत आणावं लागलं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आवाजात शंका नसते, म्हणून लोक ऐकतात.

पूनम ही त्यांची सगळ्यांत वेगवान धावपटू, चारशे मीटरची. राष्ट्रीय शिबिराची निवड चाचणी तोंडावर आली असताना तिच्या मांडीचा मागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, फाटला. मी बाईंना बजावलं, “दुखणं आधी थांबतं, स्नायू नंतर भरतो. मी सांगेपर्यंत जोरात पळवायचं नाही.”

“बराबर,” बाई म्हणाल्या.

चौथ्या आठवड्यात दुखणं थांबलं. पाचव्यात बाईंनी तिला पूर्ण वेगानं पळवलं. स्नायू त्याच जागी पुन्हा फाटला, आधीपेक्षा जास्त. चाचणी हुकली.

दोघी आल्या. पूनमच्या देखतच मी विचारलं, “का पळवलंत?”

“दुखत नव्हतं तिला. चांगली पळून राहिली होती.”

“मी काय सांगितलं होतं?”

“मला वाटलं, तुमी डॉक्टर लोक भेऊन सांगता.”

“तिसऱ्यांदा फाटला तर पुढची चाचणीही विसरायची. हिला मी उभी करते, पण तुम्ही मैदानावर पाय ठेवायचा नाही. मी सांगेपर्यंत.”

पूनम म्हणाली, “मॅडम, बाई नसल्या तर मला पळणं होत न्हाई.”

“होतंय,” बाईच म्हणाल्या. “गप बस.”

त्यांनी माझी बाजू घेतली ती एवढीच. मला त्याचाही राग आला.

पूनमनं सात महिने मांडीचे व्यायाम घासले. गुडघ्यांवर उभं राहायचं, कुणीतरी मागून घोटे दाबून धरायचे, आणि अंग हळूहळू पुढं सोडायचं. मग चालणं, मग सावकाश धावणं.

शेवटची परीक्षा मैदानावरच घेतली. पूर्ण वेगानं सहा वेळा. कुंपणापलीकडं एसटीच्या थांब्यावर बाई उभ्या होत्या, आमच्याकडं पाठ करून. हिंगोलीची बस आली, गेली. त्या चढल्या नाहीत, वळल्याही नाहीत. मी हाक मारली नाही.

सहाव्यांदा धावून पूनम थांबली. मांडीला हात लावला नाही. मी थांब्याकडं पाहिलं तर तिथं कुणी नव्हतं.

पुढच्या चाचणीत निवड होऊन पूनम आता शिबिरात आहे.

मी सांगेपर्यंत, असं म्हटलं होतं. मी अजून सांगितलेलं नाही. बाई आलेल्या नाहीत.