नुसतं ऐकायला

शिरूरच्या माझ्या पेटीच्या क्लासला शालन पहिल्यांदा आली ती स्कूटीवर तीन पोरं लादून. शिकायचं होतं एकट्या मधल्याला. तरी बाकीची दोघंही बाकावर ऐसपैस बसली.

"त्यांना बाहेर खेळू दे की," मी म्हटलं.

"न्हाई मामा. एक शिकंल, बाकीची ऐकतील. आमच्यात असंच हाय."

शालन निमोण्याची. नवरा कंपनीत शिफ्टला, आणि ही पोरांना शाळेत न घालता घरीच शिकवायची. गावानं नावं ठेवली, ती तिनं कानाआड केली. पण घरच्या शाळेत सोबती कुठून आणायचे, हे तिला खात असे. म्हणून हा नियम. थोरल्या सईच्या कबड्डीला दोघे भाऊ मैदानाच्या कडेला. ओमच्या पेटीला सई आणि धाकटा बाळू बाकावर. बाळूच्या चित्रकलेला ही दोन घोडी ब्रश धुवत बसायची. तिघांच्या वेळा जुळवताना शालनच्या नाकी नऊ यायचे.

ओम चुकला की बाळू खुदकन हसे आणि सई त्याला चिमटा काढी. बायको गेल्यापासून माझ्या घरात आवाज असा उरलाच नव्हता. त्या गलक्याची मी आठवडाभर वाट बघायचो, हे सांगायला लाज कसली?

"ऐकायला मी आहे ना," एकदा मी म्हटलं.

"तुमी चुका ऐकता, मामा. आपलं मानूस नुसतं ऐकतंय."

मग सईला दौंडच्या एका संघात घेतलं. सराव नेमका गुरुवारी, पेटीच्या वेळेला. शालननं माझी वेळ बदलून पाहिली, तिकडच्यांच्या विनवण्या केल्या. जमेना. शेवटी माझ्यासमोरच सई म्हणाली, "आई, मला एकटीला जाऊ दे. तिथं माज्या वयाच्या पोरी हायेत. सारखं बारक्यांना घेऊन कसं जाऊ?"

सोबती मिळावेत म्हणून तर सगळी धडपड होती. पुढच्या गुरुवारी तिनं सईला दौंडच्या एसटीत बसवलं.

पुढे सई तिकडेच मावशीकडे राहिली. ओमला क्रिकेटनं ओढलं, त्यानं पेटी सोडली. एकट्या पडलेल्या बाळूनं शाळेचा हट्ट धरला. तो शाळेत जायला लागला त्याच आठवड्यात, गुरुवारी, शालन एकटीच आली आणि बाकाच्या टोकाला बसली.

"अगं, शिकणार कोण?"

"घरात बसवंना मामा. गाडी आपसूक हिकडं वळली."

मी पेटी तिच्यापुढे सरकवली. तिनं हात मागे घेतले.

"मला कुठलं येतंय? तुमीच वाजवा. मी बसते."

शिकवण्यापलीकडे मी कित्येक वर्षांत वाजवलं नव्हतं. वाजवलं, चुकलोही. ती तशीच बसून राहिली. मला फार बरं वाटलं.

त्यानंतर ती बरेच गुरुवार आली. मग नवऱ्याला दौंडकडे काम लागलं आणि सगळं बिऱ्हाड सईजवळ गेलं. तिचं घर पुन्हा भरलं, याचा मला आनंदच आहे.

गुरुवारी मी अजून वाजवतो. बसतो मात्र बाकाकडे तोंड करून.