पाचातून बारा

वगीह आता फक्त मोबाइलच्या काचा बदलतो. इजिप्तमधल्या मलावी गावात, कालव्याच्या पुलापाशी त्याचं दुकान आहे. मी संध्याकाळी जातो, स्टुलावर बसतो. तो चहा मागवतो. चहा येतो, संपतो. मग मी उठतो.

दोन वर्षांपूर्वी याच दुकानात आम्ही एक खेळ तयार केला. तो त्याच्या बहिणीसाठी होता.

दिमियाना तेव्हा दहा वर्षांची. चौथीत गणितात नापास झाली होती. वडील नव्हते. आई, उम्म वगीह, हिनं एक दिवस जेवताना सांगून टाकलं, "यंदा पुन्हा नापास झाली तर असयूतला मावशीकडे पाठवते. तिच्या शिवणघरात बसेल. आकडे येत नाहीत तर नाही, सुई तरी येऊ दे हाताला."

दिमियाना भाकरीचा तुकडा फुलात, म्हणजे बाकल्याच्या उसळीत, बुडवत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला दुकानात बोलावलं. एका गिऱ्हाइकानं दुरुस्तीला टाकलेला आणि परत न नेलेला लॅपटॉप त्याच्याकडे होता. त्यावर तो स्वतःच प्रोग्रॅम लिहायला शिकला होता.

"गणिताचा खेळ करतोय," तो म्हणाला. "चित्रं नाहीत, हा डबा चित्रं ओढत नाही. सगळं शब्दांतच. ते तू लिही."

"मी साहित्य शिकलोय वगीह, गणित नाही."

"म्हणूनच म्हणतोय. पदवी भिंतीवर टांगून कंटाळली असेल. जरा कामाला लाव तिला."

मी लिहिलं. आजवर लिहिलेल्यांत तेच मला सर्वांत जास्त आवडलं होतं.

काळा पडदा, पांढरी अरबी अक्षरं. तुम्ही नदीच्या काठावर उभे आहात. नावाड्याचं नाव अबू सिन्ना, म्हणजे दातऱ्या. त्याच्या होडीत कांद्याची पोती आहेत. तो एक गणित घालतो. बरोबर उत्तर लिहिलं की होडी पुढे सरकते. चुकलं की तो टोमणा मारतो. पहिल्या पायरीत बेरीज, दुसरीत वजाबाकी.

वगीहनं त्यात एक खोडी घातली होती. अबू सिन्ना लबाड आहे. मधूनच तो होडीत आहेत त्यापेक्षा जास्त पोती उतरवायला सांगतो. तेव्हा आकडा लिहायचा नाही. 'नाही' असं लिहायचं. मग अबू सिन्ना कपाळावर हात मारतो आणि म्हणतो, "पकडलंस की रे मला!"

दिमियानाला हेच सगळ्यांत आवडायचं. लबाडी दिसली की ती ओरडायची, "चोरटा! बघ बघ, दातऱ्या चोरटा!" पुढे पुढे शाळेतून आली की ती थेट दुकानातच यायची. हातात सूर्यफुलाच्या बियांची पुडी, सालं सगळी लॅपटॉपवर. वगीह ओरडायचा, ती ऐकायची नाही. दोन महिन्यांत वजाबाकी तिला बोटं न मोजता येऊ लागली.

उम्म वगीह म्हणाली, "बघू. परीक्षेत दिसेल."

टोमणे मी लिहिले होते. सगळे गमतीचे. एक असा होता: "चूक! हे तर माझ्या शेळीलाही येतं!" या टोमण्याला दिमियाना हमखास हसायची. कधीकधी तो ऐकायला मुद्दाम चुकायची.

वगीहनं खेळ शाळेत नेला. संगणकाच्या बाई सुहैर अब्ला यांनी तो एका यंत्रावर चढवून घेतला आणि पोरांना पहिली पायरी खेळू दिली. वर्ग डोक्यावर घेतला पोरांनी. अब्लांनी मुदीरियातल्या, म्हणजे शिक्षण कचेरीतल्या, तपासनिसांना बोलावलं. त्यांना दुसरी पायरी दाखवायची ठरली.

"खेळेल कोण?" अब्लांनी विचारलं.

"दिमियाना," वगीह म्हणाला. त्या दिवशी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता.

ती यंत्रासमोर बसली. आम्ही तपासनिसांबरोबर मागे, भिंतीपाशी. पडदा फक्त तिला आणि शेजारी उभ्या अब्लांना दिसत होता. अक्षरं आली की अब्ला ती वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवायच्या. गणित वाचायच्या नाहीत. ते मुलीनं सोडवायचं होतं.

दिमियानानं पाहिलं आणि ती हसली. चटकन काहीतरी लिहिलं.

अब्लांनी वाचलं, "चूक! हे तर माझ्या शेळीलाही येतं!"

वर्ग हसला. मीही हसलो. माझं वाक्य होतं.

पुढचं गणित आलं. तिनं जरा थांबून लिहिलं.

"चूक!"

मागून कुणीतरी शेळीसारखं ओरडलं. दिमियानानं मान वळवून वगीहकडे पाहिलं. त्याला वाटलं, ती घाबरली आहे. त्यानं कपाळावर बोट ठेवून खूण केली, डोकं चालव. ती पुन्हा पडद्याकडे वळली. तिसरं गणित तिनं बराच वेळ पाहिलं. मग लिहिलं.

"चूक!"

आता सगळा वर्ग शेळ्यांचा झाला होता.

"राहू दे बाळ," अब्ला म्हणाल्या. "शेरिफ, तू ये."

शेरिफ वर्गात पहिला. त्यानं पडद्याकडे ओझरतं पाहिलं आणि खडाखड आकडे लिहिले. शाबास, शाबास, शाबास. होडी पलीकडे पोहोचली. तपासनिसांनी वगीहचा हात हातात घेतला. "चार शाळांना देऊ हा खेळ. पोरांना मजा येते." आणि दिमियानाकडे पाहून म्हणाले, "सगळ्यांनाच येईल असं नाही. ठीक आहे."

घरी जाताना वगीह तिच्यावर चिडला. "दुकानात शंभरदा केलंस! तिथं काय झालं तुला?"

"तो लबाडी करत होता," ती म्हणाली.

"कोण?"

"दातऱ्या. तिन्ही वेळा."

"खोटं बोलू नकोस. मग शेरिफला कसं जमलं?"

मी तिच्या शेजारून चालत होतो. तीन वेळा काय लिहिलंस, एवढं विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

चार दिवसांनी वगीह बाकीच्या यंत्रांवर खेळ चढवायला शाळेत गेला. दुपारी त्याचा फोन आला. "ये," एवढंच म्हणाला.

वर्ग रिकामा होता. पडद्यावर दुसरी पायरी. शाळेची यंत्रं दुकानातल्या लॅपटॉपपेक्षा जुनी. अक्षरांची ओळ त्यांनी नीट उजवीकडून मांडली होती. गणिताची ओळ मात्र डावीकडून. बारा डाव्या बाजूला, पाच उजव्या. अरबी वाचणारं आपलं पोर उजवीकडूनच सुरू करणार. पाचातून बारा.

"इथं मी फक्त पहिली पायरी तपासली होती," वगीह म्हणाला. "बेरीज होती. बेरीज उलटली तरी उत्तर तेच येतं. मला वाटलं, सगळं ठीक आहे."

पुढची ओळ आठातून वीस. त्यापुढची सहातून पंधरा.

"तिनं 'नाही' लिहिलं," मी म्हणालो.

"तिन्ही वेळा. यंत्राकडे उत्तर बारातून पाचाचं होतं."

"आणि शेरिफ?"

"त्यानं वाचलंच नाही. मोठ्यातून लहान वजा केला. नेहमी तसंच असतं, म्हणून." वगीह खाली बसला. "वर्गात एकटीनं बरोबर वाचलं, बहजत. एकटीनं."

त्यानं तिथंच ओळ सरळ केली. मग आम्ही घरी गेलो, जवळजवळ धावतच.

दिमियाना जिन्यात बसली होती. चार दिवस ती शाळेत गेली नव्हती. गल्लीतली पोरं दारावरून शेळीसारखी ओरडत जायची. आतल्या खोलीत उम्म वगीहनं पेटी काढली होती. मावशीला फोन झाला होता.

वगीह तिच्यासमोर उकिडवा बसला. सगळं सांगितलं. जमिनीवर बोटानं ओळ काढून दाखवली. "तू बरोबर होतीस. यंत्र चुकलं. मी चुकलो."

"बरं," ती म्हणाली.

"बरं काय? खरं सांगतोय. बहजतला विचार."

"खरंय," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. चॉकलेट देऊन रडणं थांबवणाऱ्या मोठ्या माणसाकडे बघावं तसं.

वगीहनं लॅपटॉप उघडून तिच्या मांडीवर ठेवला. अबू सिन्ना आला. दोन पोती होडीत, नऊ उतरव म्हणाला. तिची आवडती लबाडी. आम्ही वाट पाहत राहिलो. तिची बोटं कळांवर होती. हलत नव्हती.

"लिही ना," वगीह म्हणाला.

"तू सांग," ती म्हणाली. "तुला काय हवंय ते सांग. मी लिहिते."