मुठीतली शिटी
आज माझं कानामागचं ऐकायचं यंत्र बंद न करता काढून मुठीत धरलं, तशी त्यानं शिटी मारली. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत काळाचौकीच्या आमच्या खोलीत अशीच वाजलेली. बायको बहिरी, बोटीवरच्या तिच्या भावानं विलायतेहून असलंच यंत्र आणलेलं. एका दुपारी मोर्चातून पळून तो घामाघूम येऊन खाटेखाली लपला. मागोमाग पोलीस दारात. विलायती यंत्र हिसकावून नेतील म्हणून हिनं ते काढून मुठीत दाबलं. "आत कोण हाय?" "कोण नाय, साहेब," मी म्हटलं. ते वळलेच होते, तर मूठ वाजायला लागली. तिलाच ऐकू येईना. "काय वाजतंय रे?" म्हणत ते आत शिरले आणि त्याला ओढून नेलं. तो परत आला नाही. पुढं ती रोज ते यंत्र फडक्यानं पुसायची आणि विचारायची, "त्यांना कळलं कसं हो?" मी म्हणायचो, "कुणास ठाऊक." आता ती नाही. तरी आज शिटी वाजली तशी मी आधी दार लावलं.